अल्जिनेटचे मणी आणि कापसाचा तंतू: तालुक्याच्या प्रयोगशाळेत एन्झाइम बांधायची सविस्तर पद्धत

एन्झाइम पाण्यात विरघळलं की ते परत हाती येत नाही. काम संपल्यावर ते तयार मालाबरोबर जातं आणि पुढच्या घाण्याला नवं विकत घ्यावं लागतं. तेच एन्झाइम न विरघळणाऱ्या आधारावर बांधलं तर गाळून काढता येतं, धुऊन पुन्हा वापरता येतं, नळीत भरून त्यातून द्रव सतत सोडता येतो. याला एन्झाइमचं स्थिरीकरण म्हणतात. कोळशाच्या भुकटीला चिकटलेलं इन्व्हर्टेज तशा अवस्थेतही साखर फोडतं, हे नेल्सन आणि ग्रिफिन यांनी 1916 मध्ये दाखवलं होतं. कारखान्यात मात्र ही गोष्ट 1969 मध्ये उतरली. जपानच्या तानाबे सेइयाकू कंपनीत इचिरो चिबाता यांच्या गटाने अमिनोअ‍ॅसायलेज डेक्स्ट्रानपासून बनवलेल्या आधारावर बसवलं आणि अमिनो आम्लं वेगळी करायला सुरुवात केली. डेक्स्ट्रान हे जिवाणूंनी साखरेपासून तयार केलेलं नैसर्गिक पॉलिमर आहे.

हा लेख विदर्भातल्या तालुक्याच्या कॉलेजांसाठी आणि रस-सरबताचे छोटे उद्योग चालवणाऱ्यांसाठी आहे. वजनकाटा, फ्रीज, पीएच मीटर आणि एक कलरीमीटर एवढं असेल तर यातलं बहुतेक सगळं जमतं. क्रम मात्र पाळा: आधी द्रव बघा, मग आधार निवडा, मग बांधा. आणि मोजल्याशिवाय "बांधलं" असं वहीत लिहू नका.

आधी द्रव बघा

वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यातला विद्यार्थी प्रकल्पाचा विषय घेऊन येतो तो बहुतेक वेळा असा: "सर, संत्र्याचा रस पेक्टिनेजने नितळ करायचा, पेक्टिनेज अल्जिनेटच्या मण्यात बांधायचं." पेक्टिनेज म्हणजे फळातलं पेक्टिन फोडणारं एन्झाइम, आणि अल्जिनेट म्हणजे समुद्री शेवाळातून मिळणारा, कॅल्शियममुळे घट्ट होणारा पदार्थ. विषय चांगला आहे, पण जोडी जमत नाही, आणि त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण रसातलं सायट्रिक आम्ल. अल्जिनेटच्या साखळ्या कॅल्शियमने एकमेकींना धरून ठेवलेल्या असतात आणि सायट्रेट तेच कॅल्शियम ओढून घेतं. मणी फुगतात, मऊ पडतात, शेवटी रसात मिसळून जातात. रस जितका कमी आंबट तितका सायट्रेटचा हा जोर जास्त. दुधातला आणि बफरमधला (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणातला) फॉस्फेटही कॅल्शियमला असाच पळवतो, म्हणून दुधातलं लॅक्टोज फोडायला साधे अल्जिनेटचे मणी टिकत नाहीत.

दुसरं कारण पेक्टिन स्वतः. ती लांबलचक साखळी आहे, मण्याच्या बारीक छिद्रांतून ती आत जातच नाही. आतलं एन्झाइम उपाशी बसतं आणि फक्त पृष्ठभागावरचं काम करतं. उलट साखरेचा रेणू लहान असतो, तो मण्यात सहज शिरतो आणि फुटून बाहेरही येतो. म्हणून नियम सोपा ठेवा: साखरेसारखा लहान रेणू आणि सायट्रेट-फॉस्फेट नसलेला द्रव असेल तर अल्जिनेट, पेक्टिन, स्टार्च, प्रथिनं असे मोठे रेणू असतील तर एन्झाइम पृष्ठभागावर धरणारा आधार, म्हणजे कापसाचा तंतू किंवा काइटोसान (कोळंबीच्या टरफलांतून मिळणारा पदार्थ).

पाण्याचं आधी बघा

अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतला पूर्णा खोऱ्यातला खारपाण पट्टा सगळ्यांना माहीत आहे. तिथल्या विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात सोडियमचे क्षार भरपूर. सोडियम मण्यातल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि मणी सैल पडतात. इतर भागांतलं पाणी जड असेल तर उलटा त्रास: त्यातल्या कॅल्शियममुळे अल्जिनेटची पूड विरघळायच्या आधीच गुठळ्या धरते. दोन्हीकडे उत्तर एकच, डिस्टिल्ड पाणी. कॉलेजचा डिस्टिलेशन संच बंद असेल तर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा, पण त्याचा पीएच तपासा आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकून पाणी दुधाळ होत नाही ना हे बघा. दुधाळ झालं तर त्यात क्लोराइड आहे, ते पाणी वापरू नका.

पहिला प्रयोग: यीस्टचं इन्व्हर्टेज अल्जिनेटमध्ये

सुरुवात शुद्ध एन्झाइमने करू नका. बेकरीवाल्याकडचं कोरडं यीस्ट घ्या. इन्व्हर्टेज यीस्टच्या पेशीत, बरंचसं पेशीभित्तिकेच्या लगत असतं. पेशी एन्झाइमच्या रेणूपेक्षा कितीतरी मोठी, त्यामुळे ती मण्यातून गळत नाही. हात बसायला हा प्रयोग उत्तम आणि खर्चही अगदी थोडा.

आदल्या संध्याकाळी 50 मिली डिस्टिल्ड पाणी ढवळत ठेवून त्यात 2 ग्रॅम सोडियम अल्जिनेट चिमूट चिमूट भुरभुरवा. एकदम ओतलं तर वरून ओल्या आणि आतून कोरड्या गाठी होतात, त्या मग तासन्‌तास फुटत नाहीत. द्रावण झाकून फ्रीजमध्ये ठेवा, सकाळपर्यंत गाठी विरतात आणि हवेचे बुडबुडेही निघून जातात. हे द्रावण उकळू नका आणि ऑटोक्लेव्हही करू नका, उष्णतेने साखळ्या तुटून ते पातळ होतं. अल्जिनेटची बाटली पावसाळ्यात घट्ट बंद ठेवा, पूड हवेतला ओलावा खेचते.

सकाळी 4 ग्रॅम यीस्ट 50 मिली कोमट पाण्यात भिजवा. ते एकजीव झालं की अल्जिनेटमध्ये हळू ढवळून मिसळा. आता मिश्रणात अल्जिनेट 2 टक्के आहे. दुसऱ्या मोठ्या बीकरमध्ये अर्धा लिटर कॅल्शियम क्लोराइड तयार ठेवा: डायहायड्रेट असेल तर लिटरला साधारण 30 ग्रॅम, निर्जल असेल तर 22 ग्रॅम, म्हणजे 0.2 मोलर. निर्जल प्रकार विरघळताना पाणी चांगलंच तापतं, ते पूर्ण थंड होऊ द्या.

थेंब पाडायला सुई काढलेली 10 मिलीची सिरिंज पुरते. जास्त मिश्रण असेल तर मेडिकलमधून सलाइनचा नवा ड्रिप सेट आणा, त्याच्या चाकाने थेंबांचा वेग छान बांधता येतो. वापरलेला सेट दवाखान्यातून कधीही आणू नका. थेंब 10 ते 15 सेंटिमीटर उंचीवरून पडू द्या. मण्यांना शेपटी येत असेल तर मिश्रण फार घट्ट आहे किंवा उंची कमी आहे. मणी चपटे होत असतील तर उंची जास्त आहे किंवा मिश्रण पातळ आहे. मोठ्या साबुदाण्याएवढा, 2 ते 3 मिलिमीटरचा गोल मणी हवा.

मणी त्याच द्रावणात अर्धा ते एक तास हलकेच हलवत ठेवा, गाळा, डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवा आणि सगळ्या मण्यांचं ओलं वजन लिहून ठेवा, हिशोबाला ते लागणार आहे. कॅल्शियमचं द्रावण आणि धुतलेलं पाणी फेकू नका, वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवा. मणी साठवायचे तर लिटरला दीड ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड घातलेल्या पाण्यात, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. बर्फात गोठवलेले मणी चिरतात.

मोजणी: इथेच खरा वेळ द्या

5 टक्के साखरेचं द्रावण अ‍ॅसिटेट बफरमध्ये करा: 20 मिलिमोलर, पीएच 4.5 ते 5. त्यात लिटरला पाऊण ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड घाला, म्हणजे बफरमधलं सोडियम मण्यांना सैल करणार नाही. 50 मिली द्रावण 50 अंश सेल्सिअसला आणा, त्यात 5 ग्रॅम मणी टाका आणि हलवत राहा. वॉटर बाथ वारंवार लोडशेडिंगमध्ये अडकत असेल तर रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये 50 अंशाचं पाणी घेऊन फ्लास्क त्यात बसवा. छोट्या प्रयोगाला तेवढं तापमान टिकतं.

50 अंश घेण्यामागे कारण आहे. 30 ते 35 अंशाला यीस्ट जिवंत असतं आणि साखर फुटून तयार झालेलं ग्लुकोज ते आंबवून खातं. मग मण्यांत वायूचे बुडबुडे धरतात, मणी तरंगतात आणि ग्लुकोजचा आकडा खोटा कमी येतो. 50 अंशाला आंबवणं थांबतं आणि इन्व्हर्टेज मात्र जोरात चालतं. आपल्याकडे मे महिन्यात खोलीचं तापमानच 40 च्या वर असतं, तेव्हा "खोलीच्या तापमानाला" असं लिहून भागत नाही. थर्मामीटर लावा आणि आकडा लिहा.

दर 5 मिनिटांनी 1 मिली नमुना काढून लगेच उकळत्या पाण्यात 5 मिनिटं ठेवा. मोजायच्या दोन पद्धती आहेत.

कलरीमीटर असेल तर डीएनएस पद्धत. 1 ग्रॅम डायनायट्रोसॅलिसिलिक आम्ल 20 मिली 2 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड आणि 50 मिली पाण्यात विरघळवा, 30 ग्रॅम सोडियम पोटॅशियम टार्टरेट घाला आणि 100 मिली करा. हे द्रावण गडद बाटलीत ठेवायचं. नमुना आणि डीएनएस समप्रमाणात घेऊन 5 मिनिटं उकळा, थंड करा, पाणी घालून 540 नॅनोमीटरला वाचा. ही पद्धत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही मोजते. न फुटलेली साखर रंग देत नाही.

कलरीमीटर नसेल तर मधुमेहाचं ग्लुकोमीटर चालतं, पण नीट. ते फक्त ग्लुकोज मोजतं आणि बहुतेक यंत्रं डेसिलिटरला 600 मिलिग्रॅमच्या वर वाचत नाहीत. 5 टक्के साखर पूर्ण फुटली तर ग्लुकोज डेसिलिटरला सुमारे 2630 मिलिग्रॅम होतं, म्हणून नमुना दहापट पातळ करावा लागतो. पट्टी रक्तासाठी बनवलेली असते, त्यामुळे नुसत्या पाण्यातला आकडा खरा धरू नका. पातळ करायला 0.9 टक्के सलाइन घ्या, त्याच सलाइनमध्ये 50, 100, 200, 300 मिलिग्रॅमची ग्लुकोजची प्रमाण द्रावणं करा आणि त्यांचा आलेख काढून त्यावरून नमुन्याचा आकडा वाचा. आणखी एक बारकावा: इन्व्हर्टेजमधून ग्लुकोज बाहेर पडतं ते अल्फा रूपात, आणि ग्लुकोज ऑक्सिडेजची पट्टी बीटा रूप ओळखते. दोन्ही रूपांचा समतोल व्हायला थंड आम्लधर्मी द्रावणात वेळ लागतो, त्यामुळे ताजा नमुना कमी दाखवतो. नमुना उकळून थंड केला की एन्झाइमही थांबतं आणि हा समतोलही साधतो.

वेग काढताना सुरुवातीची सरळ रेघ घ्या, तासाभराने आलेला आकडा नाही. मग हा ताळेबंद मांडा. उदाहरणापुरते आकडे: मोकळ्या यीस्टची तेवढ्याच वजनाला क्रियाशीलता 100 एकक आली. कॅल्शियमच्या द्रावणात आणि धुण्यात मिळून 15 एकक सापडली. म्हणजे मण्यात 85 असायला हवीत. मणी प्रत्यक्ष 40 दाखवतात. मग क्रियाशीलतेची प्राप्ती 40 टक्के, आणि मधली 45 एकक कुठे गेली हा प्रश्न. ती मेली की आत आहेत पण साखर त्यांच्यापर्यंत पोचत नाही?

याचं उत्तर मिळवायला रसात अडचणीचं ठरणारं सायट्रेटच उपयोगी पडतं. तेवढेच मणी 0.1 मोलर सोडियम सायट्रेटमध्ये हलवून पूर्ण विरघळवा आणि मोकळ्या झालेल्या यीस्टची क्रियाशीलता पीएच जुळवून मोजा. आकडा 80 च्या आसपास गेला तर एन्झाइम शाबूत आहे, मणी लहान करा, अल्जिनेट थोडं कमी करा. आकडा 40 वरच राहिला तर एन्झाइम खराब झालं आहे, मग तापमान आणि पीएच तपासा.

गळतीची चाचणी वगळू नका. प्रयोग 10 मिनिटं चालू द्या, मणी गाळून काढा आणि उरलेला द्रव त्याच तापमानाला आणखी अर्धा तास ठेवून पुन्हा मोजा. आकडा वाढत राहिला तर एन्झाइम द्रवात आलेलं आहे. कितीतरी प्रकल्पांत मणी "दहा वेळा वापरले" असं लिहिलेलं असतं आणि ही चाचणी नसते. शुद्ध एन्झाइम अल्जिनेटमध्ये घातलं तर ती गळती हमखास दिसते, कारण मण्याची छिद्रं बहुतेक एन्झाइमांपेक्षा मोठी असतात. यीस्ट न घातलेले कोरे मणीही सोबत चालवा.

दुसरा प्रयोग: आपल्या कापसावर

कापूस हे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, आणि यवतमाळ-वर्ध्याच्या माणसाला तो शोधायला जावं लागत नाही. सेल्युलोजपासून बनवलेल्या ट्रायअ‍ॅसिटेटच्या तंतूत लॅक्टेज अडकवून दुधातलं लॅक्टोज फोडायचं काम इटलीत मिलानला 1970 च्या दशकात औद्योगिक प्रमाणावर झालं आहे. आपण तंतू तसाच ठेवून त्याच्या पृष्ठभागावर एन्झाइम रासायनिक बंधाने धरणार आहोत. संत्र्याच्या पेक्टिनसाठी मला हाच मार्ग योग्य वाटतो.

जिनिंगमधली रुई थेट चालत नाही, तिच्यावर मेण असतं. 2 टक्के सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये तासभर उकळून, भरपूर धुऊन ती पाणी शोषते का बघा. थेंब टाकताच आत गेला पाहिजे. त्यापेक्षा सोपं म्हणजे मेडिकलमधला शोषक कापूस, तो आधीच धुतलेला-विरंजित केलेला असतो.

1 ग्रॅम कापूस 50 मिली 0.05 मोलर सोडियम मेटापेरायोडेटमध्ये पूर्ण बुडवा. एवढ्या द्रावणाला अर्ध्या ग्रॅमपेक्षा थोडं जास्त पेरायोडेट लागतं. पेरायोडेट प्रखर ऑक्सिडीकारक आहे, त्याची कोरडी पूड कोरड्या कापसाजवळ, कागदाजवळ ठेवू नका. फ्लास्कला अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळून 2 ते 4 तास अंधारात ठेवा. उन्हाळ्यात कमी वेळ पुरतो. या काळात सेल्युलोजमधली काही वलयं उघडून अल्डिहाइड गट तयार होतात. जास्त वेळ ठेवला तर तंतू ठिसूळ होऊन भुगा होतो, आणि तो भुगा पुढे नळी बुजवतो.

उरलेलं पेरायोडेट संपवायला थोडं ग्लिसरीन घालून 15 मिनिटं थांबा. यात थोडं फॉर्मल्डिहाइड तयार होतं, म्हणून खिडकी उघडी ठेवा. मग धुण्याचं पाणी पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्चला निळं करायचं थांबेपर्यंत धुवा. कापसाचा एक धागा शिफ अभिकर्मकात टाका: जांभळट-गुलाबी रंग आला तर अल्डिहाइड आहे. साधा कापूस शेजारी ठेवून तुलना करा.

आता एन्झाइम. बाजारातल्या एन्झाइममध्ये अमोनियम सल्फेट असेल तर ते आधी डायलिसिसने, म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्याच्या पिशवीत भरून बफरमध्ये ठेवून, काढा. अमोनिया, ट्रिस, ग्लायसिन यांतले अमिनो गट अल्डिहाइडला एन्झाइमच्या आधी चिकटतात. माल्टोडेक्स्ट्रिन मिसळलेली पूड असेल तर तिच्यामुळे डीएनएसचा रंग आधीच चढतो, कोरं वाचन घेतलंच पाहिजे. मिलीलिटरला 1 ते 2 मिलिग्रॅम प्रथिन असलेलं द्रावण फॉस्फेट बफरमध्ये, पीएच 7 ला करा. पीएच 8 ला बंध जलद होतो, पण बुरशीपासून मिळणारी बरीच पेक्टिनेज अल्कधर्मी पीएचला खराब होतात, म्हणून 7 च्या वर जाऊ नका. इथे फॉस्फेट चालतो, कापसात कॅल्शियम नाही.

कापूस या द्रावणात रात्रभर 4 अंशाला ठेवा. फ्रीज भरवशाचा नसेल तर थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरून त्यात फ्लास्क ठेवा. सकाळी द्रावण काढून जपून ठेवा. कापसावर थोडं ग्लायसिनचं द्रावण घालून रिकामे अल्डिहाइड झाका. झालेला बंध उलटा फिरू शकतो, म्हणून तो पक्का करायला मिलीलिटरला 1 मिलिग्रॅम सोडियम बोरोहायड्राइड बर्फावर अर्धा तास द्या. हायड्रोजन निघतो, झाकण लावू नका, जवळ ज्योत नको. काही एन्झाइमांना बोरोहायड्राइड सोसत नाही, त्यामुळे आधी आणि नंतर दोन्ही वेळा क्रियाशीलता मोजा.

शेवटी 1 मोलर मिठाच्या द्रावणाने धुवा. नुसतं चिकटलेलं एन्झाइम मिठाने सुटून येतं, बांधलेलं राहतं. पेरायोडेट न दिलेला कापूसही याच सगळ्या पायऱ्यांतून न्या. त्यावर मीठधुणीनंतर जवळजवळ काहीच क्रियाशीलता उरू नये. उरली तर बांधणीबद्दलचा तुमचा दावा डळमळीत आहे.

काइटोसानबद्दल थोडक्यात

काइटोसान कोळंबीच्या टरफलांतून मिळतं, आपल्याकडे ते विकतच आणावं लागेल. 2 ग्रॅम पूड 100 मिली 1 टक्का अ‍ॅसिटिक आम्लात विरघळवून 1 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये थेंब सोडले की पांढरे मणी होतात. ते उदासीन होईपर्यंत धुऊन 1 टक्का ग्लुटारअल्डिहाइडमध्ये तास-दोन तास ठेवायचे, पिवळसर झाले की खूप धुऊन एन्झाइम द्यायचं. ग्लुटारअल्डिहाइडची ही पायरी टाळली तर काइटोसान आंबट रसात विरघळून जाईल. ग्लुटारअल्डिहाइडची वाफ डोळ्यांना, श्वासाला वाईट: हातमोजे, चष्मा, वाफ बाहेर खेचणारं कपाट. निर्जंतुकीकरणाचं तयार ग्लुटारअल्डिहाइड द्रावण याच्या जागी वापरू नका, त्यात इतर पदार्थ मिसळलेले असतात. कापसाच्या मानाने हा मार्ग खर्चिक आहे, पण मणी नळीत छान बसतात.

नळीत भरताना

50 मिलीच्या सिरिंजच्या तळाला नायलॉनच्या कापडाची चकती, वर कापूस किंवा मणी, खाली ड्रिप सेटची नळी. आधी बफर सोडून हवा काढा. संत्र्याचा रस मलमलीतून गाळून, चोथा बसू देऊन वरचाच भाग सोडा. गर असलेला रस नळी काही मिनिटांत बुजवतो. प्रवाह हळू ठेवा, बाहेर आलेल्या रसाची स्निग्धता पिपेटमधून पडायच्या वेळावरून मोजा आणि एन्झाइम न बांधलेल्या कापसातून गेलेल्या रसाशी ताडून बघा.

उद्योजकांनी एक हिशोब आधी करावा. पेक्टिनेज तुलनेने स्वस्त आहे. एका किलो रसाला लागणाऱ्या मोकळ्या एन्झाइमची किंमत काढा, बांधणीचा सगळा खर्च त्याने भागा: तितके किलो रस त्या कापसाने निम्म्याहून जास्त जोर राखून नितळ केला तरच बांधणी परवडते. महाग एन्झाइमला हे गणित लवकर जमतं, पेक्टिनेजला उशिरा. इथे सांगितलेल्या पद्धतीने बांधलेला कापूस किंवा मणी यांतून गेलेला रस कुणालाही प्यायला देऊ नका. विक्रीच्या मालासाठी अन्नसुरक्षेच्या प्रतीची रसायनं आणि एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) प्रक्रिया सहायकांच्या नियमांत बसणारं एन्झाइम लागतं.

प्रयोग आटोपल्यावर उरलेल्या पेरायोडेटमध्ये आणि ग्लुटारअल्डिहाइडमध्ये सोडियम बायसल्फाइट घालून ती निष्क्रिय करा. डीएनएसचा कचरा वेगळ्या बाटलीत, नाव लिहून साठवा. गावातल्या बऱ्याच कॉलेजांचं सांडपाणी शोषखड्ड्यात जातं आणि शोषखड्ड्याजवळच विहीर असते, म्हणून यातलं काहीही बेसिनमध्ये ओतायचं नाही.